मरीन परेडमधली दाद

यिशुन, सिंगापूर
२ मार्च २०२५

तीर्थरूप हरीशदादास,
शि. सा. न. वि. वि.

व्हॉट्सअ‍ॅपवर तू निळ्या खुणा उमटवून गप्प बसतोस, म्हणून हा कागद. यावर तरी उत्तर लिहावंच लागेल.

तुझ्या लाडक्या भाचीनं पराक्रम केला आहे. बारा एप्रिलला पियानो स्पर्धेची अंतिम फेरी. त्याच संध्याकाळी एका बरोक, म्हणजे जुनं युरोपीय संगीत वाजवणाऱ्या, मंडळाचा कार्यक्रम, आणि ऋग्वेदानं निवडला तो कार्यक्रम! तिथे ती हार्प्सिकॉर्ड वाजवणार. दिसतो पियानोसारखा, पण पट्टी दाबली की आत तार छेडली जाते. पेटीनं सतारीशी लग्न केल्यासारखा प्रकार. तोही एकटीनं नाही, गायिकेच्या मागे बसून. तिचा कागद पाहिला. डाव्या हाताचे सूर, त्यांच्याखाली पाच, सहा, सात असे आकडे, आणि उजव्या हातासाठी काही नाही. तीनशे वर्षांपूर्वी शाई महाग होती की काय! ती म्हणते, उजव्या हाताचं ज्याचं त्यानं तिथल्या तिथे रचायचं, हीच तर मजा.

बाप म्हणून प्रबोध नेहमीप्रमाणे तटस्थ. ऑफिसातली मीटिंग घरीही चालवतो. म्हणून तुला साकडं. ती तुझं ऐकते. फोन कर आणि तिला स्पर्धेला बसव. तू आयुष्यभर पेटी घेऊन गवयाच्या बाजूला बसलास. हँडबिलावर तुझं नाव मंडपवाल्याच्या वर आलं की आई सण करायची. माझ्या मुलीनं तरी मधोमध बसावं, एवढंच मागणं आहे.

वहिनींना नमस्कार. लोभ असावा, आणि या वेळी तो माझ्या बाजूनं असावा.
तुझी,
विभा

सातारा
१६ मार्च २०२५

चि. सौ. विभास,
अनेक आशीर्वाद.

फोन केला. तासभर बोललो. स्पर्धेचा विषय निघाला नाही. निघाला असता तर मीच बदलला असता. पोरीनं मला विचारलं, की गवई कुठे वळणार हे मामाला आधी कसं कळतं? मी म्हणालो, त्याच्या गळ्याकडे नाही, श्वासाकडे बघ. तो घेईल ती सुरांची जागा लगेच ओरबाडू नकोस. ऐक, राहू दे, मग त्याला दम घ्यायला उसंत मिळेल इतपतच परत कर. ती म्हणाली, मंडळाचे सरही हेच सांगतात, फक्त इटालियन शब्द घालून.

आणि मंडपवाल्याचं म्हणशील, तर त्याचं नाव मोठं असायलाच हवं. मंडप पडला तर मधोमध बसलेलाही वाचत नाही.

तू जा, ऐक, मग भांड. प्रबोधरावांना आशीर्वाद. माया आहेच, मागून वाढत नाही.
तुझा,
हरीशदादा

यिशुन
१३ एप्रिल २०२५

तीर्थरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

काल मरीन परेडच्या चर्चमध्ये गेले ती तोंड फुगवून. छापील पत्रिकेत ऋग्वेदाचं नाव सगळ्यात खाली. मी ते प्रबोधला दोनदा दाखवलं.

त्यांच्या गाण्यात पहिला भाग, मग मधला, आणि पुन्हा पहिला. परत येताना मात्र गायिकेनं तो आपल्या मनानं सजवायचा, आपल्याकडे मुखड्यावर येतात तसा. तर ती बाई परतली आणि तिनं एक जागा घेतली, कागदावर नसलेली. ऋग्वेदानं ती ऐकली. सोडून दिली. आणि बाईनं श्वास घेतला त्या फटीत तीच जागा, अर्धीच, हळूच परत केली.

दादा, मी वा म्हणाले. म्हणाले कसली, क्या बात है असं ओरडले! जिथे लोक खोकलासुद्धा टाळ्यांपर्यंत दाबून धरतात, तिथे. अख्खं चर्च वळलं. प्रबोध खुर्चीतून इतका खाली घसरला की शेजारच्या बाईंना वाटलं, काही हरवलंय. आणि आपली पोर? हात थांबला नाही, नजर वर आली नाही. फक्त मान किंचित झुकवली, तू झुकवतोस अगदी तशी. गायिका हसली आणि पुढची जागा तिनं सरळ ऋग्वेदाकडे बघून घेतली.

बाहेर आल्यावर पोरीनं इथल्या सिंगापुरी इंग्रजीत, यू सो लाऊड लाह म्हणून मला पुरतं सोललं. मग एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, हळूच विचारलं, नक्की कुठली जागा आवडली? मी गाऊन दाखवली. चालत्या गाडीत. प्रबोध डबा बदलून बसला.

स्पर्धा कोण जिंकलं, हे विचारायचं राहूनच गेलं. पत्रिका फ्रिजवर लावली आहे, उलटी. खालचं नाव वर येतं.

तुझ्या लोभाला या खेपेला नाव ठेवायला जागा नाही. तो तसाच असू दे.
तुझी,
विभा

सातारा
२७ एप्रिल २०२५

चि. सौ. विभास,
अनेक आशीर्वाद.

पत्र तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं, मग शेजारच्या सुबोधला, मग त्याला नको असताना पुन्हा. पोरीला सांग, मान झुकवली ते बरोबर. हात थांबला नाही ते त्याहून बरोबर.

एक नोंद मात्र करतो. चाळीस वर्षं मी पेटी वाजवतोय आणि तू पहिल्या रांगेत बसून गवयांना दाद देत आलीस. माझ्या वाट्याला तुझी वा कधी आली नाही. मरीन परेडला ओरडलीस त्यातली अर्धी माझी धरून मी ठेवून घेतली आहे. परत मिळणार नाही.

तुझा,
हरीशदादा