मेन्डलचं नाव छापू नका

ब्रुकलिन, बुधवार

धाकट्या फ्रुमास थोरल्या ब्लूमाचे आशीर्वाद. एकशेवीस वर्षं जग, गुडघ्यांचं मात्र तुझं तू बघ. यजमानांचं पोट कसं आहे? (कळवू नकोस, मागचं पत्र मी जेवताना उघडलं होतं.) इकडे सगळं ठीक, म्हणजे मेन्डल (थू, थू, थू!) मरायला टेकलाय.

चुकून जुनं नाव लिहिलं गेलं बघ. डॉक्टरांनी हात टेकले तशी सिनेगॉगातल्या रब्बींनी प्रार्थना म्हणून त्याचं नाव बदललं, आपल्या आजोबांचं बदललं होतं तसंच. मृत्युदूत जुन्या नावाची चिठ्ठी घेऊन येतो, त्या नावाचा माणूस घरात नाही म्हटल्यावर हात हलवत परत जातो. आता हा खाइम, म्हणजे 'जीवन'. चाळीस वर्षं नवऱ्याला ज्या नावानं खडसावलं ते जिभेवरून जात नाही. रोज चारदा चुकते आणि थुंकून थुंकून घसा कोरडा पडतो.

आता ऐक. हा पूर्वी चित्रांच्या पुस्तकांत तो पंखवाला वीर काढायचा, आठवतो? (खरं नाव लांबलचक आहे, मी कधी पाठ केलं नाही.) मी कोंबडीची पिसं उपटायला बसले की हा समोर कागद घेऊन बसे, त्यामुळे तो वीर अकरा वर्षं कोंबडीच्या पंखांवर उडाला आणि एकाही शहाण्याला कळलं नाही. चित्रकाराचं नाव छापायची पद्धतच नव्हती. ह्यानं पिसांत बारीक अक्षरांत लपवून पाहिलं, तर कंपनीच्या माणसानं पांढऱ्या रंगानं बुजवलं. पुढे खप पडला, वीराला समुद्रात बुडवला आणि हा घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपला. चौदा वर्षं झाली त्याला.

आता त्यांनी वीराला पाण्याबाहेर काढलाय. तरणाताठा, एक दात पडलेला नाही. माझ्या माणसाची कूस बदलायला मी आणि सून, दोघी लागतो. काल कंपनीचा एक कोवळा संपादक आला.

"आजीबाई, पहिल्याच पानावर आजोबांचं नाव येणार! मूळ चित्रकार, मेन्डल ग्लास. अडीच लाख प्रती!"

"अरे मेल्या, मृत्युदूताला वाचता येतं!"

तो हसला. म्हातारी गंमत करते असं वाटलं त्याला. दोन वाट्या रस्सा पिऊन गेला. चौदा वर्षांपूर्वी आला असता तर पाय धुतले असते मी त्याचे.

मुलांना आशीर्वाद.

तुझी ब्लूमा

ता. क. तुझा जावई सिडनी त्याच छापखान्यात आहे ना? छपाई पुढच्या गुरुवारी. त्याला सांग, छपाईच्या पत्र्यावरून ते नाव खरवडून टाक. पाया पडते म्हणावं. मी कुणाच्या पडत नाही हे तुला माहीत आहे.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवताना ह्यानं विचारलं, कुणाला लिहितेस? खोटं सुचलं नाही, सगळं वाचून दाखवलं. मग म्हणाला, "ब्लूमा, हा खाइम कोण गं? त्यानं कधी एक पीस तरी काढलंय?"

मी म्हटलं, "गप पड. जगशील."

"जगेन गं. आणि पान उघडल्यावर वाचायला काय, कोरी जागा?"

तेव्हा सिडनीला म्हणावं, हात लावू नकोस. जमलं तर अक्षरं मोठी कर. मी आत्ताच ह्याला जुन्या नावानं हाक मारली, खालच्या मजल्यापर्यंत जाईल अशी. ह्यानं ओ दिली.