सूनबाईंनी दारात आणलेला थांबा

गारखेडा परिसर, छत्रपती संभाजीनगर

राजमान्य अप्पाराव, आमचे सन्माननीय व्याही, यांना तात्यासाहेबांचा कन्नडच्या दिशेनं तोंड करून रामराम.

पाकीट बघून दचकू नका. कुणाचं काही बरंवाईट झालेलं नाही. हल्ली पोस्टमन दारात आला की माणसं आधी रडायच्या तयारीला लागतात, म्हणून पहिल्याच ओळीत खुलासा केला. फोन केला असता, पण तुमच्याकडं फोन आला की तो स्पीकरवर टाकून मधल्या खोलीत ठेवायची पद्धत आहे, आणि मला जे सांगायचंय ते मधल्या खोलीत सांगण्यासारखं नाही. तुमची शुगर काय म्हणते? विहीणबाईंचा गुडघा कसा आहे? आद्रक काढायला आली असेल. सध्या तुमच्याकडं जे कुणी पाहुणे मुक्कामाला असतील, त्यांचीही तब्येत बरी असावी अशी आशा आहे. इकडं ऋतुराज वाळूजच्या कंपनीत, सूनबाई बसच्या हापिसात आणि मी घरात, असे तिघंही खुशाल आहोत. (मी नाही. पण पत्रात तसं लिहायची रीत आहे.)

अप्पाराव, राजनंदिनी तुमची लेक आणि आमची सून. तिच्याबद्दल वावगा शब्द मी काढणार नाही. लग्न ठरवताना तुम्ही म्हणाला होता, पोरगी जरा हट्टी आहे. मला वाटलं, बापानं लेकीबद्दल असं नम्रपणे बोलायचंच असतं. तुम्ही खरं बोलत होता, हे तेव्हाच जरा आवाज चढवून सांगायला पाहिजे होतं.

ती ज्या हापिसात आहे तिथं शहरातल्या बस सुधारायचं काम चालतं. कुठली बस कुठं पोचली, कुठं अडकली, किती उशीर झाला, सगळं त्यांना बसल्या जागी पडद्यावर दिसतं. दिसेना का, आपलं काय जातं? पण एक दिवस जेवताना ती म्हणाली, "तात्या, या मार्गावर बस सगळ्यात जास्त कुठं अडते, माहीत आहे? आपल्या दारासमोर." मी म्हटलं, रस्ताच अरुंद, बिचारी बस काय करणार. तर म्हणे रस्ता ऐसपैस आहे, कडेला लावलेल्या गाड्यांमुळं बसला फुटपाथपाशी येता येत नाही. बाया-माणसं भर रस्त्यात चढतात-उतरतात आणि मागं वाहनं तुंबतात. (कडेच्या गाड्यांत पहिला मान आमच्या जीपचा. पाचोडची जमीन बटईनं देऊन शहरात आलो तेव्हापासून ती दारासमोरच्या लिंबाखालीच उभी असते. चिमण्यांनी तिच्यावर केलेली नक्षी बघाल तर तुमची खात्री पटेल.) मग भाजी वाढता वाढता पोरगी सहज बोलून गेली, "बसला फुटपाथकडं येता येत नाही, तर आपण फुटपाथच बसकडं नेऊ." मला वाटलं, थट्टा करतेय.

थट्टा नव्हती. रविवारी दात घासत बाहेर आलो, तर काही माणसं रस्त्यावर टेप धरून ओणवी आणि मधोमध डोक्यावर टोपी घालून तुमची लेक. लिंबापासून रस्त्यात ओट्यासारखा चौथरा काढायचा, उंची बसच्या पायरीएवढी. बस कडेला न वळता जागच्या जागी थांबणार आणि गुडघे धरून चालणारा माणूसही सरळ आत जाणार. सध्या प्रयोग म्हणून लाकडी फळ्या, पिवळा पट्टा आणि प्लास्टिकचे खांब. लोकांना पटलं तर पक्का बांधणार, नाही तर काढून टाकणार. "आणि जीप?" मी विचारलं. "जीप मागच्या गल्लीत, तात्या." दुसऱ्या कुणा अधिकाऱ्यानं हे केलं असतं तर मी त्याच्या साहेबापर्यंत गेलो असतो. पण इथं अधिकारीच माझ्या ताटात भाकरी वाढते. शेवटी ऋतुराजकडं तक्रार केली. तो म्हणाला, "मी कंपनीच्या बसनं जातो, तात्या. मला त्यातलं काय कळत नाय." नवरा म्हणून आमचं पोरगं लई हुशार निघालं.

मग मी निषेध करायचं ठरवलं. चौथरा तयार झाला त्याच दुपारी जीप मागच्या गल्लीतून आणली, त्याला खेटून भर रस्त्यात उभी केली आणि आत बसून पेपर वाचायला लागलो. बस आली. ड्रायव्हर इम्रान नावाचा, लई अदबशीर पोरगा. खाली उतरून आला आणि म्हणाला, "चचा, गाडी जरा बाजू में लेव ना. पूरा रोड जाम हो रा." मी म्हटलं, "हा माझ्या घरासमोरचा रोड हाय." तो म्हणाला, "रोड आपकाच रहने दो चचा, हम सिरफ गुजर के जाते." इतक्या अदबीनं बोलणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. निषेध आवरता घ्यावा म्हणून मी चावी फिरवली, आणि जीप चालू होईना. पुन्हा फिरवली. ती फक्त खोकली. मागं पार चौकापर्यंत वाहनांची रांग लागली, भोंगे सुरू झाले, शेजारीपाजारी गच्चीवर जमले. प्रयोग कसा चाललाय ते बघायला पलीकडं उभी असलेली सूनबाई आली. थेट बसमधल्या लोकांना म्हणाली, "सगळ्यांनी जरा धक्का देता का?"

अर्धी बस खाली उतरली. मागून बाईचा आवाज आला, "अहो, आधी ब्रेक तर सोडा!" आवाज ओळखीचा वाटला म्हणून आरशात बघितलं. कमरेला पदर खोचून, दोन कॉलेजच्या पोरींच्या मधोमध, आमच्या मंडळी, मनकर्णाबाई, जीप ढकलत होत्या.

अप्पाराव, मी समजत होतो की त्या मागच्या खोलीत पडल्यात. त्या आल्या होत्या शहागंजातून भाजी घेऊन! चौकशी केल्यावर कळलं की ही सुरुवात नव्हती. कधी औरंगपुऱ्यात, कधी बहिणीकडं सिडकोत, दुपारी माझा डोळा लागला की यांची बस निघायची. सूनबाईंनी कार्ड काढून दिलं होतं. लग्न झाल्यापासून बाई एकटी कुठं गेली नव्हती. जायचं तिथं मी जीपनं नेत होतो. (माझ्या सवडीनं. ते खरं आहे.) भर रस्त्यात झालेल्या फजितीनं डोकं तापलेलंच होतं. घरात आल्यावर बोलून गेलो, "तुला काय कळतंय बसमधलं? कुठं तरी हरवशील, मग मीच हिंडायचं का शोधत?" त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बस निदान पुढचा थांबा सांगते. तुम्ही कुठं नेताय ते मला उतरल्यावर कळायचं."

मी पेपर उघडून बसलो. आठवड्याच्या आत त्या पिशवी भरून निघाल्या. कुठं, ते तुम्हांला मी काय सांगणार! दारातल्या चौथऱ्यावरून सरळ बसमध्ये शिरल्या. मागं वळून बघितलं नाही.

सूनबाईंनी माझ्या फोनात बसचं ॲप टाकून ठेवलं होतं. मी त्याला कधी हात लावला नव्हता. त्या दिवशी लावला. नकाशावर एवढीशी बस मुंगीसारखी सरकत होती. क्रांती चौकात ती थांबली आणि हललीच नाही, तेव्हा मी खुर्चीवरून उठलो. "सिग्नल असेल, तात्या," राजनंदिनी म्हणाली. (ती मागं उभी राहून बघत होती, हे मला माहीत नव्हतं.) मध्यवर्ती बसस्थानक आलं. तिथं त्या उतरून एसटीत बसणार होत्या, म्हणजे पुढं त्या बसमध्ये आमचं कुणीच नव्हतं. तरी मी शेवटच्या थांब्यापर्यंत बघत राहिलो.

परवा मीही त्याच वाटेनं निघालो होतो. जीप मिस्त्रीकडं, म्हणून बसनं. पहिली बस गेली, कारण मी जुन्या सवयीनं भर रस्त्यात हात करून उभा होतो. इम्राननं चौथऱ्याकडं बोट दाखवलं आणि तिथंच जाऊन थांबला. मी पोचेपर्यंत गेला. दुसरी मिळाली. आत एक बाई पुढचा थांबा, पुढचा थांबा असं सारखं बोलते, पण दिसत नाही. न दिसणाऱ्या बाईवर विश्वास कसा ठेवावा? शेजारच्या गृहस्थाला विचारलं. तो म्हणाला, "मध्यवर्तीला लई टाइम हाय, बसा निवांत." बसलो निवांत. उतरलो ते थेट रेल्वे स्टेशनला. तिथं तो गृहस्थ मलाच विचारतो, "मध्यवर्ती आलं का हो? मीबी पहिल्यांदाच बसलोय." तसाच घरी परत आलो. सूनबाईंना सांगितलं, फिरायला गेलो होतो.

तर अशी ही तुमच्या लेकीची करामत. शहर सुधारतंय, मी बेजार आहे. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि मधल्यांनी आपलं आपण समजून घ्यावं.

आपला,
तात्यासाहेब

ता. क. मनकर्णाबाईंना विहीणबाईंच्या गुडघ्याची काळजी वाटून त्या तुमच्याकडं राहिल्यात, हे ठीकच आहे. पण गुडघा आता बरा आहे असं विहीणबाईंनी त्यांना एकदा चालून दाखवावं, ही हात जोडून विनंती. मी म्हटलं असं सांगू नये. ऋतुराज चहा करतो, पण तो चहा औषधासारखा एका घोटात घ्यावा लागतो.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात मंडळींचाच फोन आला. (स्पीकरवर. मागं तुम्ही खाकरलात ते ऐकू आलं.) म्हणाल्या, "थांबा हाय ना अजून? काढला तर नाय?" म्हटलं, हाय. "मग पुढल्या सोमवारी येते. तुम्ही न्यायला येऊ नका, तुमच्यानं व्हायचं नाय." तेव्हा वरची विनंती रद्द समजावी. मात्र एक काम करा. त्या चौथऱ्यावर सगळं केलंय, पण बसायला बाक नाही. राजनंदिनीला सांगून तेवढा एक टाकून घ्या. मी सांगितलं तर ती हसेल, आणि तिचं बरोबरच असेल. सोमवारच्या आत झालं तर बरं. बस कधी येणार ते फोनात दिसतं, हे मला आता कळतं. तरी मी त्या दिवशी सकाळपासूनच तिथं जाऊन बसणार आहे.