घाटात वाजलेली नीमाची आई

६ एप्रिल, रवि.
आबांना निमोण्याला शर्यतीच्या घाटात बैलगाडे बघायचे होते. गाडी चालवायला मी. ऊन, धूळ, उसाचा रस. प्रत्येक बारीला, गाडा सुटला की, स्पीकरवर तीच ट्यून. आधी लक्ष दिलं नाही. मग ओळखली. अमापियानो, दक्षिण आफ्रिकेतलं नाचाचं संगीत; त्यातला लॉग ड्रमचा घुमणारा बेस, ठोका किंचित मागे ओढलेला. आणि गाडा निशाणीवर पोचताना एका बाईचा उंच आवाज, जीभ भराभर हलवून काढलेला. दार-ए-सलामला लग्नघरात बायका काढतात तो. विगेलेगेले.
ती बाई नीमाची आई आहे.
तिच्या मागोमाग: "डीजे संत्याऽऽ, वडगाव रासाई!"
संत्या माझा चुलतभाऊ. हा आवाज असलेलं फोल्डर त्याला दिवाळीत मीच दिलं होतं.
आबा परत येताना म्हणाले, "गाणं लई भारी व्हतं आज." मी गिअर बदलला.

७ एप्रिल, सोम.
दुसरी शिफ्ट. त्याआधी संत्याला फोन.
"ताई, ऐकलंस व्हय? नुसता धुरळा! समदे इचारत्यात, कुठनं आणलं."
"कोणाला विचारून वाजवलंस?"
"तूच दिलंस न्हवं? म्या काय कुनाच्या घरात शिरलो का?"
खरं आहे.
नीमा टांझानियातल्या दार-ए-सलामची, पुण्यात होस्टेलवर माझी रूममेट. मी ऐकायला तिच्यामुळे शिकले. जोहान्सबर्गकडचा संथ अमापियानो, लागोसचं अफ्रोबीट्स, आणि तिच्या शहरातली सिंगेली. सिंगेलीचा वेग ऐकून मेसच्या मावशी म्हणायच्या, "पोरी, मशीन बिघडलं का गं तुझं?" परत गेल्यावर नीमा स्वतः ट्रॅक करायला लागली. गेल्या वर्षी एक अर्धवट पाठवला, आईच्या आवाजाचा. घरी लग्नाची गडबड चालू असताना तिने तो स्वयंपाकघरात फोनवर घेतला होता. म्हणाली, साफ करून दे, दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायचा नाही मला.
साफ करून दिला. आणि मूळ फोल्डर जसंच्या तसं संत्याला. तो म्हणत होता, "समदे त्येच त्येच वाजवत्यात, ताई. काहीतरी आफ्रिकन बेस दे की." मी ऐकते ते घरातलं कोणीतरी मागतंय, याचं बरं वाटलं होतं. नीमाला विचारायचं सुचलं नाही.
सुचलं होतं. विचारलं नाही.
तिला कळायचं काही कारण नाही. ती कशाला बैलगाड्याचे व्हिडिओ बघेल.

११ एप्रिल, शुक्र.
नीमाचा मेसेज. आई गेली. बुधवारी. हॉस्पिटलात नेईपर्यंत संपलं होतं.
मी तीन ओळी लिहिल्या. पाठवून परत वाचल्या. ऑफिसच्या मेलसारख्या वाटल्या.

१३ एप्रिल, रवि.
तिचा फोन. आवाज बसलेला. म्हणाली, "तू साफ केलेला ट्रॅक रोज लावते. पण त्यात ती हसत नाही."
मला आधी समजलंच नाही. विगेलेगेले झाल्यावर आई हसली होती, काहीतरी बोललीही होती. मूळ रेकॉर्डिंगमध्ये ते आहे. मी कापलं.
गिअरबॉक्सच्या आवाजात दोष कोणता आणि चालण्याचा आवाज कोणता, हे ठरवायचा मला पगार मिळतो. त्याच सवयीने केलं. भांड्याचा खणखणाट काढला, खोकला काढला, हसूही काढलं. फाइलला नाव दिलं होतं "क्लीन". तिने तेव्हा मला शंभर बदाम पाठवले होते.
तिचा तो फोन बसमध्ये चोरीला गेला. पाठवलेली लिंक केव्हाच बंद पडली. माझ्याकडचं मूळ मी लॅपटॉप बदलताना पुसलं. साफ फाइल आहे, मग कच्ची कशाला, म्हणून.
म्हटलं, "शोधते."
संत्याकडे असेल हे तिथेच लक्षात आलं. सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याच्याकडे ती का आहे, हेही सांगावं लागलं असतं.

१५ एप्रिल, मंगळ.
पहिली शिफ्ट. सुटून थेट वडगाव रासाई. संत्या गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये, स्पीकरची जाळी बदलत.
त्याच्याकडे फक्त त्याने तयार केलेली ट्यून. उघडून स्क्रीनवर आवाजाची लाट बघितली. विगेलेगेले संपतं, हसू असायला हवं तिथे त्याचं नाव.
"इथं काय होतं?"
"तिथं ठोका न्हवता. बाई नुसती बोलत व्हती. मोकळी जागा दिसली, टाकलं नाव. नाव न्हाई टाकलं तर दुसरा उचलतो की, ताई. समदेच टाकत्यात."
मी सांगितलं, बाई कोण. आणि ती बुधवारी गेली.
त्याने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. मग, "तवाच सांगायचंस न्हवं. तू म्हणालीस, वाजव बिनधास्त."
तसंच म्हणाले होते.
मूळ फोल्डर पेन ड्राइव्हवर होतं. तो पेन ड्राइव्ह राहू गावच्या बापूंनी नेला. बापूंचा साउंड भाड्याने असतो. "नेलेलं परत देत न्हाईत त्ये. पन टाकून बी देत न्हाईत."
निघताना म्हणाला, आजपासून ती ट्यून वाजवणार नाही. मी म्हटलं, बरं. थँक्यू म्हणायला हवं होतं.

१८ एप्रिल, शुक्र.
आत्याच्या मुलीची हळद, शिरूरला. संत्या नव्हता, दुसरा डीजे. तरी तीच ट्यून. घाटात मोबाइलवर घेतलेली असणार, मध्ये गाड्यापुढे धावणाऱ्या घोड्याचा आणि निवेदकाचा आवाज. संत्याचं नाव तसंच. नाव टाकूनही उचललीच.
बायका नाचत होत्या. आत्या हळदीचं ताट घेऊन थांबली.
"कोन गं ही बाई?"
"माहीत नाही, आत्या."
"लग्नघरातलीच हाय बघ. पोरीचं लगीन असल्यागत वरडतीय. किती खुशीत हाय!"
मग तिने तसा आवाज काढून बघितला. जमला नाही. माझी काकू म्हणाली, "वन्सं, कोंबडी धरली जनू!" सगळ्या हसल्या. एकेक जण प्रयत्न करायला लागली. कोणालाच जमेना आणि कोणी थांबेना.
बरोबर ओळखलं होतं आत्याने. मला "हो" म्हणता आलं असतं. मी पाणी आणायला गेले.

२० एप्रिल, रवि.
राहू. बापूंनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुढे ठेवला. पेन ड्राइव्हने भरलेला.
"यात आसंल. न्हाईतर दुसरा डबा हाय."
"तुम्ही जुनं पुसत नाही, बापू?"
"कोन पुसत बसतंय! भरला की नवा आणायचा." मग लॅपटॉपकडे बघून, "संत्याची ताई का तू? कंपनीत हाय न्हवं? तुमच्या कंपनीत आमच्या पोराचं काय होतंय का बघ की."
म्हटलं, बायोडेटा पाठवायला सांगा. एकेक लावत गेले. तमाशाची गाणी, भूपाळ्या, कोणाच्या तरी बारशाचे फोटो. काकूंनी दोनदा चहा आणला.
मिळालं. हेडफोन लावून ऐकलं. विगेलेगेले, झाकण पडल्याचा आवाज, आणि हसू. खोकल्यात मिसळलेलं, दमलेलं. नंतर स्वाहिलीत दोन वाक्यं. मला त्यातलं फक्त "नीमा" कळलं.
बापू म्हणाले, "काय गं, रडायचं गाणं हाय का?"
म्हटलं, नाही, लग्नाचं.

२१ एप्रिल, सोम.
पाठवलं. सोबत एवढंच: मिळालं.
तासाभराने तिचा फोन. रडत होती, मग हसायला लागली. आई म्हणतेय, नीमा, ते बंद कर आणि कांदे चीर. पाहुणे एकट्या माझे नाहीत, तुझेही आहेत.
"तू जपून ठेवलंस," नीमा म्हणाली. "मला माहीत होतं, तू काही टाकत नाहीस."
मी म्हटलं, "हं."

२३ एप्रिल, बुध.
नीमा ट्रॅक नव्याने करतेय. हसू आत ठेवणार, झाकणही. लॉग ड्रम तिथे थांबवणार, आईचं बोलणं संपेपर्यंत. नातेवाईक जमतील तेव्हा वाजवायचा, मग सगळीकडे टाकायचा. खाली आभारात माझं नाव लिहू का, असं विचारतेय. आडनावाचं स्पेलिंग मागितलंय.
टेस्ट बेंचवर आज एक चांगला गिअरबॉक्स नापास केला. सुपरवायझरने परत लावायला सांगितला. पास.

२४ एप्रिल, गुरु.
लंच ब्रेकमध्ये लिहिलं. नाव नको. फोल्डर मी न विचारता भावाला दिलं. त्याने आईचं हसू होतं तिथे स्वतःचं नाव टाकलं. ते इथे बैलांच्या शर्यतीत वाजतं, लग्नांतही, आणि आता ते थांबवणं माझ्या हातात नाही. मी जपून काही ठेवलं नव्हतं. मी पुसलं होतं. मिळालं ते भावाला दिलेलं होतं म्हणून मिळालं, पण ते सबब म्हणून सांगत नाहीये.
शेवटचं वाक्य दोनदा काढलं, परत टाकलं. सबब म्हणूनच सांगत होते बहुतेक.
सोबत निमोण्याच्या घाटाचा रील जोडला. पांढरा बैल, धूळ, टोप्या उडतायत, आणि तिची आई. पाठवलं.

२५ एप्रिल, शुक्र.
नीमाचं उत्तर सकाळी आलं. एकच ओळ.
"बैलाचं नाव काय?"
रागावून विचारलंय, की खरंच हवंय, की दुसरं काही लिहिता आलं नाही. आवाज असता तर काही अंदाज लागला असता. लिहिलेल्यातून कळत नाही.
संत्याला फोन करून पांढऱ्या बैलाचं नाव विचारलं. झोपेत होता.
"लक्ष्या. का गं?"
"तिला हवंय."
तो एकदम जागा झाला. "काय म्हणाली? वाजवू नको म्हणाली का?"
"अजून काही नाही म्हणाली."
लक्ष्या, असं लिहून पाठवलं. बसची वेळ झाली होती. निघाले.