स्वप्नाली मुकी नाही

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक),
जिल्हा परिषद, सिंधुदुर्ग.

विषय : कु. स्वप्नाली रामेश्वर घाडी हिला मौजे कोंडसुरे येथील शाळेत इयत्ता तिसरीत पुन्हा बसू देणेबाबत.
संदर्भ : मुख्याध्यापकांनी मुलीच्या आजीस दिलेली तोंडी सूचना.

महोदय,

मी इसाबेल जोकिम डाबरे, मूळची वसईची, शारजातील एका भारतीय शाळेत प्राथमिक वर्गांना शिकवते. वरील मुलगी दोन वर्षे माझ्या वर्गात होती. तिचे वडील रामेश्वर येथील हमरिया फ्री झोन या उद्योगवसाहतीत वेल्डर आहेत. आई शोभना केरळची, येथील एका दवाखान्यात आया होती. आईशी मल्याळम, वडिलांशी हिंदी आणि शाळेत इंग्रजी, असे या मुलीचे बोलणे. नवरा-बायकोची भाषा हिंदी, त्यामुळे मराठी तिच्या कानावर क्वचितच पडली.

माझ्या वर्गात मल्याळी, तमिळ, उर्दू, सिंहली, अरबी अशा नाना घरांतली मुले असतात. मरियमबी नावाची नवी मुलगी पहिल्या दिवशी रडून लाल झाली, तेव्हा मला तिचे एक अक्षर कळेना. स्वप्नाली उठून तिच्याजवळ बसली, मल्याळममध्ये काहीतरी विचारले आणि मला म्हणाली, "मिस, शी थिंक्स द बस वोन्ट कम बॅक." पुढे वर्गात कोणी रडले की मी स्वप्नालीलाच पाठवू लागले.

गेल्या मार्चमध्ये शोभना आजाराने वारली. वडील दिवसभर कामावर, मुलीला सांभाळणार कोण? म्हणून त्यांनी तिला गावी, आजी तानुबाई यांच्याकडे पोचवले आणि ते ड्युटीवर परतले.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. मुलगी वर्गात तोंड उघडेना. मुख्याध्यापकांविषयी माझी तक्रार नाही. दोन इयत्ता एकाच खोलीत सांभाळून त्यांनी पुष्कळ प्रयत्न केला, असे कळते. अखेर त्यांनी आजीला सांगितले, "हिला मूकबधिर शाळेत घाला." तानुबाई तिला एस. टी.ने तिकडे घेऊन गेल्या. तिथल्या बाईंनी पाठीमागून टाळी वाजवली. मुलीने वळून पाहिले. "हिला ऐकू येतं, आमच्याकडे घेता येणार नाही," असे सांगून त्यांनी परत पाठवले. गावची शाळा म्हणते, बोलल्याशिवाय वर्गात बसवून काय करू? तेव्हापासून ती घरीच आहे. गोठ्यामागे एकटीच काहीबाही बडबडते, म्हणून शेजाऱ्यांनी बाधा झाल्याचे सांगितले आणि आजीने अंगाराही लावून पाहिला.

मागच्या शुक्रवारी रामेश्वर माझ्या घरी आले व त्यांनी हे सारे सांगितले. आम्ही गावी शेजाऱ्यांकडे फोन लावला. मी मुलीला विचारले, तू बोलत का नाहीस? ती म्हणाली, "आय टॉक, मिस. टू अम्मा." आणि शाळेत? ती म्हणाली, "इफ आय टॉक लाइक देम, आय विल फर्गेट अम्माज टॉक." म्हणजे, त्यांच्यासारखे बोलू लागले तर आईचे बोलणे विसरेन.

रामेश्वर यांना इंग्रजी येत नाही. मी मराठीत सांगितले. ते फोनची वायर बोटाला गुंडाळत राहिले. म्हणाले, "मॅडम, तिच्या आईची भाषा मलाही नाही येत. कधी शिकलोच नाही."

तरी विनंती की, तिला तिसरीच्या वर्गात नुसते बसू द्यावे. बोलण्याची सक्ती करू नये, मुकी म्हणू देऊ नये. मराठी ती शिकेल. मुले तिच्याशी खेळली तर लवकर शिकेल. आवश्यक असल्यास डिसेंबरच्या सुट्टीत मी स्वतः येऊन तिच्या शेजारी बसेन.

आणखी एक गोष्ट आहे. ती कोणत्या नियमात बसते, मला माहीत नाही. शोभना तिला "मोळे" अशी हाक मारी. मोळे म्हणजे 'अगं मुली'. उच्चार कठीण नाही, त्यात आपलाच ळ आहे. शाळेतल्या कोणीतरी एकदा तिला तशी हाक मारावी. ती ओ देईल की रडेल, हे मी इथून सांगू शकत नाही.

सोबत : वडिलांचे संमतिपत्र, मागील वर्षाचे प्रगतिपुस्तक.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
इसाबेल जो. डाबरे
अल मजाज, शारजा
दि. १९ ऑगस्ट २००१