नकाशातलं पांढरं गाव

मुकुटबन
१९ ऑगस्ट २०२५

चि. आयुष यास अनेक उ. आ.

फोनवर तू नुसतं हूं हूं करतोस, म्हणून कंडक्टर राजकुमारभाऊंच्या हाती ही चिठ्ठी पाठवते. तू केलेला तापाच्या साथीचा नकाशा इथे पंचायतीच्या भिंतीवर लागला आहे. माझा भाऊ ऑफिसात बसून रंग भरतो, असं मी आजवर चिडवत होते, पण यावेळी शाबासकी घे. जिथे ताप जास्त, तिथे रंग गडद. अक्षरओळख नसलेल्यांना आणि लाल-हिरवं न ओळखणाऱ्यांनाही एका नजरेत समजतं.

आमच्याकडे घरोघरी ताप आहे. सोनू चार वर्षांचा, माझा जीव थाऱ्यावर नाही. नकाशात वच्छलाआत्याचं सावरडोह तेवढं पांढरंशुभ्र दिसलं. उद्याच सोनूला घेऊन तिकडे जाते. तिथे रेंज नाही, उत्तर बसनेच पाठव.

वेळेवर जेव. चिडवत असले तरी माया तेवढीच आहे.

तुझी
अर्पिताताई

यवतमाळ
२१ ऑगस्ट २०२५

सौ. ताईस शि. सा. न. वि. वि.

चिठ्ठी मिळताच फोन केला. तू कालच गेलीस, असं भाऊजी म्हणाले.

ताई, पांढरं म्हणजे तिथे ताप नाही, असं नव्हे. सावरडोहची माहितीच तीन आठवडे आलेली नाही. माहिती नसेल तिथे आडव्या रेघा मारायच्या असतात. त्या रेघांनी नकाशा गिचमिड दिसत होता, म्हणून मीच त्या पुसून टाकल्या. मला तो सोपा करायचा होता.

उद्या डॉक्टरांच्या गाडीतून येतो. बस आधी पोचेल, म्हणून हे लिहितो. पाणी उकळून दे, सोनूला मच्छरदाणीत ठेव. फार भीती वाटते आहे. ते पांढरं आणखी कोणी कोणी पाहिलं असेल?

तुझ्या रागालाही पात्र,
आयुष

सावरडोह
२२ ऑगस्ट २०२५

चि. आयुष यास अ. उ. आ.

तुझी चिठ्ठी मिळाली. बस उभी आहे, घाईत लिहिते. परवा आम्ही उतरलो तेव्हा भरदुपारी सगळी दारं सताड उघडी होती. कुत्रंही भुंकलं नाही. घराघरांत माणसं भिंतीकडे तोंड करून बाजेवर पडलेली. आत्याचं अंग चटका बसेल इतकं तापलेलं, तरी ती हसून म्हणाली, की आमच्या गावात ताप नाई वो, नकाशात पाह्य ना. शेजारच्या घरी तेच ऐकलं, त्यापुढच्या घरीही तेच. शाळेच्या ओट्यावर परगावच्या बाया लेकरं घेऊन बसल्या आहेत. त्याही पांढरं पाहूनच आल्या.

माहिती पाठवणारी गावची आशा सेविका म्हणजे मानीबाई. तिच्याकडे गेले, तर मोजणारीच सगळ्यांत आधी आडवी झालेली. जवळ आणलेले हात पाहून ती मला नमस्कार करते आहे, असं वाटून थांबले. पण ती पडल्या पडल्या बोटांवर तापाची माणसं मोजत होती.

याच बसने परत येता आलं असतं, पण आत्याला पाणी कोण देणार? काल घरोघरी पाणी देत फिरले, तेव्हा मीच मोजलं. अठ्ठावन्न जण आहेत. आता आमचं गाव रंगव.

रागावण्याचं नंतर पाहू. तू लवकर ये.

तुझी ताई

ता. क. सोनूला आत्ताच उचलून घेतलं. एकोणसाठ धर.