खोली नंबर चार आणि नऊ

नाशिक रोड कॅम्प
मंगळवार, १० फेब्रुवारी २०२६

चि. सौ. स्नेहल हिस नानांचे अनेक आशीर्वाद.

मी इकडे खुशाल आहे. ललितराव आणि राज मजेत असतील. तुझं अंबड इथून अर्ध्या तासावर, तरी बाप पत्र लिहीत बसलाय म्हणून हसू नकोस. दिवाळीपासून तू माझा फोन उचलत नाहीस, आणि न कळवता दारात येऊन उभा राहिलो तर जावयासमोर तुझीच पंचाईत. म्हणून हे पत्र, कॅम्पातल्या पोस्टातून.

आधी आनंदाची बातमी! तुझा बाप परवापासून कॅम्पातल्या गेस्ट हाउसात राहतोय. कुठलं गेस्ट हाउस, विचार! ब्याऐंशी साली मी इथं रंगरूट म्हणून आलो, तेव्हा याच इमारतीसमोरच्या दगडांना आम्ही रंग लावायचो. एक दगड गेरूचा, एक चुन्याचा. मान वर करून आत बघायचं नाही, असा कवायत शिकवणाऱ्या उस्तादांचा हुकूम. मी एकदा बघितलंच. पडद्याचं टोक आणि एक पंखा दिसला, आणि तेवढ्यासाठी मैदानाला पाच चकरा मिळाल्या. आज तोच पंखा माझ्या डोक्यावर फिरतोय. तोच नसेल म्हणा, पण मी तोच धरून चाललोय. सकाळी चहा येतो, कपाखाली बशी असते, आणि वर विचारतात, "सुभेदारसाहेब, साखर किती?" मी दोन चमचे सांगतो. डॉक्टरांना कळवू नकोस.

काल पहाटे बिगूल वाजला आणि डोळे उघडायच्या आत मी पलंगाशेजारी ताठ उभा! त्रेसष्टाव्या वर्षी! मग ध्यानात आलं की आपल्याला कुणी बोलावलेलं नाही, आणि पुन्हा पांघरूण ओढून झोपलो. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत असलं सुख एकदाही मिळालं नव्हतं.

माझी खोली चार नंबरची. नऊ नंबरची त्याहून छान आहे, तिच्या खिडकीतून परेडचं मैदान दिसतं.

नऊ नंबरची खोली मी कशी पाहिली, ते आता सांगायलाच हवं. तिथं लंकाबाई उतरल्यात.

पत्र फाडू नकोस, पुढं वाच. वीस जानेवारीला आम्ही नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. हारसुद्धा आणले नव्हते. तुला कळवायला फोन लावला होता, तू उचलला नाहीस. खरं सांगतो, उचलला नाहीस तेव्हा मला थोडं सुटल्यासारखंही झालं. तोफा चालवलेला माणूस लेकीला एवढा घाबरतो.

दिवाळीत मी त्यांचं नाव काढलं आणि तू पुढचं ऐकूनच घेतलं नाहीस. म्हणून इथं लिहितो. एस. टी.त कंडक्टर होत्या, नांदगाव आगारात. नवरा जाऊन पंधरा वर्षं झाली. चोवीस सालच्या नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यायला रांगेत उभा होतो आणि मशीन माझं बोट घेईना. बोट पुसलं, फुंकर मारली, सगळं झालं. मागून आवाज आला, "ओ साहेब, बोट लिंबानं धुवून या, लय गुळगुळीत झालंय. आन रांग सोडा, बाकीचे बी जित्ते हायेत!" सगळी बँक हसली. मीही हसलो, स्नेहल. घरी येऊन आठवलं, पुन्हा एकटाच हसलो. तुझी आई गेल्यापासून तू रोज फोनवर विचारायचीस, नाना जेवलात का? मी हो म्हणायचो. निम्म्या वेळा ते खोटं असायचं.

तर परवा इथं आलो. काउंटरवर हवालदार मनोज, फार गुणी माणूस. नोंदवहीत 'सोबत कोण' असा रकाना असतो. मी दिमाखात 'लंकाबाई' लिहिलं आणि 'नाते'मध्ये पत्नी लिहायला पेन टेकवलं. तेवढ्यात त्यानं माझ्या फाइलमधलं पत्नीचं कार्ड उघडलं. त्यावर साधनाचा फोटो. तुझ्या आईचा तो निळ्या काठाचा पदर. बिचारा हळूच म्हणाला, "साहेब, रेकॉर्डला नाव लागेपर्यंत मॅडमना वेगळी खोली द्यावी लागेल. नियम आहे." मी लाल झालो. लंकाबाईंनी माझ्या हातून पेन काढून घेतलं आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'पाहुणी'. वर म्हणाल्या, "खरंच हाय ते. त्यात काय एवढं?" मला फार लागलं. नऊ नंबरपर्यंत त्यांची पिशवी मीच उचलून नेली.

आज सकाळी रेकॉर्ड ऑफिसात गेलो. लंकाबाईंचं नाव लावायचं म्हणजे साधनाचं पुसायचं, अशी माझी समजूत होती, आणि त्या भीतीनं मी तीन आठवडे अर्जच भरला नव्हता. तिथल्या बाई म्हणाल्या, "पुसत नाही हो. त्यांच्या नावापुढे निधनाची तारीख येते आणि खालच्या ओळीत दुसरं नाव. पहिलं तसंच राहतं." स्नेहल, मी त्यांना तीनदा विचारलं! बाहेर येऊन लंकाबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मंग? मी कवा म्हनले पुसा म्हनून?" म्हणून तर जेवण टाकून तुला लिहायला बसलो. दिवाळीत तू विचारलं होतंस, "आईला पुसून टाकलंत का?" मी तेव्हा फोनच आपटला. चुकलो.

शुक्रवारी अकरा वाजता अर्ज द्यायचा आहे. सोबत तुझ्या आईच्या मृत्यूचा दाखला लागतो. तो तुझ्याकडे आहे. नगरपरिषदेत अर्ज केला की दुसरी प्रत मिळते, हे मला ठाऊक आहे. तू आली नाहीस तर मी ती काढीन आणि नाव लावीन, हेही सरळ सांगतो. तुझ्या पाठीमागे काही करायचं नाही.

पण एक गोष्ट सहा वर्षं बोललो नाही. तुझी आई गेल्यावर तिसऱ्या दिवशी तो दाखला आणायला तू एकटी गेली होतीस. मी सुभेदार, शंभर माणसांना हुकूम देणारा, ओट्यावर बसून राहिलो. तू म्हणालीस, "नाना, चला." मी म्हणालो, गुडघा दुखतोय. गुडघ्याला काही झालं नव्हतं. तुझ्या आईच्या नावापुढे 'मयत' लिहिलेलं मला बघवणार नव्हतं. तू उन्हात पायी गेलीस, तो कागद घेऊन आलीस आणि स्वतःजवळच ठेवलास. मी तो आजवर वाचलेला नाही.

या वेळी तुझ्याबरोबर जायचं आहे. दाखला द्यायला जीव होत नसेल तर देऊ नकोस, पण ये. कागद आपण दोघांनी मिळून वाचू. मी शुक्रवारी दहापासून मेन गेटवर उभा असेन.

गुडघा ठणठणीत असलेला,
तुझा नाना