ये, ये, बस

शनिवार, ४ मे
पोहोचलो एकदाचे! आमचं चाकांवरचं घर गाडीमागं डुलत, वाटेत एकदाही न रुसता, तळ्याकाठच्या या मुक्कामी आलं. लेकीनं बापाचं नाव 'कॅप्टन' ठेवलंय. निवृत्त झाल्यापासून खुर्चीत मिटून बसलेला माझा गणिताचा मास्तर आज शीळ घालतोय. ती शीळ मी विसरलेच होते.

आत सगळं बाहुलीच्या घरासारखं आहे. घडीचं टेबल, दोन्ही बाजूंना गादीची बाकं, तळहाताएवढं सिंक. ट्रेलर उलटा घेणं मात्र दिव्य! कॅप्टनची मान आखडलेली, म्हणून तो माझ्या आवाजावर गाडी घेतो. मागं किती जागा उरलीय ते बघत, लव्हाळ्यांकडे तोंड करून मी ओरडत होते, "ये, ये, अजून ये... बस!" सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, नवऱ्याला 'येऊ द्या' म्हणावं गं. पण कॉन्व्हेंटातली सून, कॉलेजपासून अरे-तुरे. ते आता काय सुटणार?

शेजारच्या तंबूतल्या विणकामवाल्या बाईंनी हसून विचारलं, आला का तुमचा पाहुणा? एवढ्या आग्रहानं बोलावलंत, बस म्हणालात, चहा तरी विचारलात का?

रविवार, ५ मे
टेबलापलीकडची गादी सकाळी ओली होती, आणि कुणी तास न् तास बसून उठावं तशी दबलेली. कॅप्टन म्हणाला, तूच पाणी सांडलं असशील, वेंधळे. असेल. गादी उन्हात टाकली. तळ्याचा शेवाळलेला वास काही गेला नाही.

शनिवार, १८ मे
या वेळी डोंगरावर आलोय. जवळपास तळं नाही, ओढासुद्धा नाही. ट्रेलर लावून झाल्यावर कॅप्टननं मला दटावलं, एकदाच 'ये' म्हण, प्रत्येक शब्द दोनदा काय म्हणतेस, गोंधळायला होतं.
मी एकदाच म्हणत होते.
दुपारी आत गेले. गादी ओली, दबलेली. तोच वास.

रविवार, १९ मे
तळ्याकाठच्या त्या विणकामवाल्या बाईंची थट्टा डोक्यातून जात नाही. मी ज्याला बोलावलं तो माझा नवरा होता. पण लव्हाळ्यांत जे काही होतं त्यानं काय ऐकलं? ये. ये. बस.
आज कॅप्टन पाणी आणायला खालच्या गावात गेल्यावर त्या रिकाम्या जागेला म्हणाले, "ऊठ. जा." स्वतःचंच हसू आलं. शाळेत सिस्टर शिकवायच्या, आपण बोलावलेल्याला आपण ऊठ म्हणायचं नसतं. चहाच्या टेबलाशी केवढ्या प्रेमानं शिकवायच्या.
गादीवरचा खळगा समोर होता. मी बघत असताना तो थोडा सरकला. माझ्या बाजूला.

शुक्रवार, १४ जून
ट्रेलर विकून टाकू म्हटलं, तर कॅप्टनचा चेहरा एवढासा झाला. लेक फोनवर म्हणाली, आई, बाबा कित्येक वर्षांनी हसतायत, राहू दे ना गं. राहू दिलं. पुन्हा निघालो.
घसा पूर्ण बसलाय. आवाजच फुटत नाही. कॅप्टनशी याच वहीत लिहून बोलते आणि पान समोर धरते.
इथं पोहोचल्यावर मी आधी हातपाय धुवायला गेले. परत येते तो ट्रेलर जागेवर, अगदी सरळ लावलेला. कॅप्टन खुशीत. म्हणाला, आज किती गोड बोलावलंस, एकदासुद्धा खेकसली नाहीस.

शनिवार, १५ जून
बाहेर कपडे वाळत घालत होते. आत कॅप्टन हसत होता. आमच्या कॉलेजच्या दिवसांतली गोष्ट सांगत होता, आणि मधूनमधून कुणीतरी 'हं, मग?' म्हणत होतं. माझाच आवाज. तरुणपणीचा.
धावत आत गेले. वही धरली: ती मी नव्हते.
त्यानं वाचलं. माझ्याकडे पाहिलं. मग टेबलाच्या पलीकडे वळून हळूच विचारलं, मग ही कोण?

रविवार, १६ जून
सकाळ. लिहिलं: ट्रेलर इथंच सोडू. नुसत्या गाडीनं घरी. आत्ता. त्यानं माझा हात घट्ट धरला, हो म्हणाला. मला ओळखलंय त्यानं, अजून ओळखतो.
ट्रेलर सोडवला. माझा फोन गाडीत ठेवला. पर्स आणायला आत आले—

दार उघडत नाही. कडी बाहेरून

खिडकीही घट्ट. ठोकतेय. ओरडतेय, आवाज नाही. तो पाठमोरा आहे. त्यानं गाडीचं दार उघडून धरलंय. कुणाला तरी म्हणाला, ये, बस.

दोन दारं लागली.

मोठ्या अक्षरांत लिहून काचेला धरते— मी इथे आहे मी इथे

तो आरशात बघत नाही, बाजूला बघतोय, हसतोय—

माझा फोन वाजतोय. लेकीचा असेल. गाडीची काच खाली आहे, सगळं ऐकू येतंय. उचलला. तिनं उचलला. माझ्या आवाजात, केवढ्या मायेनं— अगं, केव्हाची वाट बघतेय, घरी ये ना. ये गं, ये—

नको, बाळा, नको ये—